दाराबाहेर गेलेली शेवई

सनीव्हेल, कॅलिफोर्निया

ती. दादास,

शरयूचा साष्टांग नमस्कार. (गुडघ्याच्या ऑपरेशननंतर साष्टांग कागदावरच जमतो, तेव्हा पोचला असं समज.) तुझं बीपी कसं आहे, कंबर काय म्हणते, रात्रीच्या जेवणात लोणचं अजून चालू आहे का, हे रीतीप्रमाणे विचारून ठेवते. खरी उत्तरं तुझ्या सुनेकडून मिळतातच. रुपालीच सांगत होती, वहिनी गेल्यापासून पेटी कपाटावर चादरीखाली आहे आणि गाण्याचा विषय निघाला की तू उठून झाडांना पाणी घालायला जातोस. (झाडं कुजायला लागलीत म्हणे.) फोनवर मी काही बोलले की तू 'बरं बरं' म्हणून फोन ठेवतोस. पत्राचं तसं नाही, ते टेबलावर पडून तुझ्याकडे बघत राहतं. पण घाबरू नकोस, पेटीबद्दल मी अवाक्षर काढणार नाही. माझा विषय आमच्या दातांच्या डॉक्टरांचा आहे.

हे डॉक्टर कॅलम म्हणजे अवलिया माणूस. आठवडाभर दात काढतात आणि शनिवार-रविवार स्वतः रचलेली गाणी गिटारवर गातात. सगळी गाणी स्कॉटलंडची. माझं रूट कॅनॉल करतानाही गुणगुणत होते आणि मला दाद द्यायची तर तोंडात त्यांचे दोन्ही हात. तोंड मोकळं झाल्यावर मी आपल्या पद्धतीने विचारलंच, मूळ गाव कुठलं, कुणाकडचे, तिकडे अजून कोण असतं. (आन्या म्हणते, आई, यू कान्ट आस्क दॅट. का नाही विचारायचं?) ते इतके खूश झाले की पुढचा पेशंट ताटकळला. त्यांचे पूर्वज एका बेटावरचे. जमीनदाराला मेंढ्या पाळायच्या होत्या म्हणून माणसांना हुसकावलं, ते बोटीत बसून इकडे आले. डॉक्टर स्वतः इथल्याच फ्रेझ्नोचे. बेटावर एकदाच गेले, तर तिथल्या लोकांनी त्यांना अमेरिकन म्हणून चहा पाजला. इथे स्कॉटिश, तिथे अमेरिकन. आमच्या आन्याचं सांगलीत याहून वेगळं काय होतं?

तर त्यांनी आम्हाला त्यांच्या स्कॉटिश मेळाव्याचं आमंत्रण दिलं. तुझ्या मेहुण्याला, अवधूतला, मी सासुरवाडीला निघाल्यासारखा इस्त्रीचा सदरा घालायला लावला, तर तिथे सगळे पुरुष चौकड्यांच्या किल्टमध्ये. (परकर म्हणायचं नाही असं मी त्याला गाडीतच बजावलं होतं. त्याने म्हटलं.) एकीकडे धिप्पाड माणसं टेलिफोनच्या खांबाएवढा ओंडका उचलून फेकत होती, दुसरीकडे आडनावांप्रमाणे तंबू. तंबूतल्या बाईंनी आमचं आडनाव विचारलं. करमरकर म्हटल्यावर त्यांनी अगदी मनापासून यादीत शोधलं आणि पूर्वी सुरुवातीला त्यांच्या आडनावांसारखं 'मॅक' होतं का, असंही विचारून घेतलं. मला तर त्यांच्या गळ्यात पडावंसं वाटलं.

मग डॉक्टर स्टेजवर आले. दादा, काय गातो रे हा माणूस. प्रत्येक गाण्याआधी कीर्तनकारासारखी गोष्ट, आणि गाणं सुरू झालं की आवाजात जराही नखरा नाही. एक गाणं तर मेंढीवरून भांडलेल्या दोन खापरपणजोबांचं होतं, लोक हसून लोळले. शेवटचं मात्र त्यांच्या आजीचं. ती भाकरी भाजताना ते त्यांच्या जुन्या गेलिक भाषेत म्हणायची. मला एक अक्षर कळलं नाही आणि पदर ओला झाला. गाणं संपलं, सगळं मैदान चिडीचूप. त्या गाण्यानंतर टाळ्या वाजवायच्या नसतात, सगळ्यांनी आपापली माणसं आठवत गप्प बसायचं असतं, हे मला आधी कोणी सांगायला नको? मी सांगलीची. नाटकाला जाऊन जाऊन अंगात मुरलंय ते जातंय कुठे. मी उठून उभी राहिले आणि ओरडले, "वन्स मोअर!"

चारशे टोप्या माझ्याकडे वळल्या. अवधूत गवतात काहीतरी शोधायला लागला. डॉक्टरांनी डोळ्यांवर हात धरून पाहिलं आणि माइकवर म्हणाले, "या माझ्या पेशंट. माझ्या खुर्चीत यांनी एवढं तोंड कधीच उघडलेलं नाही." मैदान हसलं. मी मातीत गडप व्हायच्या बेतात होते, पण ते पुढे म्हणाले की आजीही एकदा म्हणून कधी थांबायची नाही, आणि खरंच पुन्हा गायले. दुसऱ्यांदा सगळ्यांनी सूर धरला.

नंतर त्यांनी मला गाठून विचारलं, तुमच्याकडे कोण गातं? मी तोऱ्यात सांगितलं, माझा दादा. आई शेवया वळताना जे म्हणायची त्याला त्याने पेटीवर चाल लावली, वहिनी आणि तो मिळून गायचे. म्हणून दाखवा म्हणाले. मी सुरू केलं,

वळते शेवई, लांब लांब तिचा धागा,
उंबऱ्याबाहेर गेली, कुणी तिच्या मागं लागा

आणि पुढचं येईना. कितीही डोकं खाजवलं तरी नाही. डॉक्टर हसले नाहीत. म्हणाले, आजीचं गाणंही मला अर्धंच मिळालं, उरलेलं मी रचलं. ज्या काकांना सगळं येत होतं, त्यांना विचारायचं राहून गेलं. मला फार वाईट वाटलं, दादा. अजूनही वाटतंय.

असो. लोणचं कमी कर. सगळ्यांना यथायोग्य नमस्कार आणि आशीर्वाद.

तुझी,
शरयू

ता. क. पेटीबद्दल लिहिणार नव्हते, ते वर लिहिलेलं नाही. ही तळटीप आहे. रुपालीला सांगून ठेवलंय, ती पेटी खाली काढून पुसून ठेवेल. तू स्टुलावर चढू नकोस. ती शेवई उंबऱ्याबाहेर गेली ती पुढे कुठे गेली, एवढंच मला हवंय. लिहून नको, गाऊन. वहिनीच्या ओळी आल्या की थांबलास तरी चालेल, मी फोन धरून बसेन.

ता. क. २. नाही म्हणालास तर पुढचं मी रचीन आणि माझ्या आवाजात फॅमिली ग्रुपवर टाकीन. माझा आवाज तुला माहीत आहे.

ता. क. ३. रविवारी व्हिडिओ कॉल कर. आणि गाणं संपल्या संपल्या 'बरं बरं' म्हणून फोन ठेवू नकोस. मी वन्स मोअर म्हणणार आहे.