नखाच्या कडेचा रंग

प्रिय स्वरूप,

पत्र लिहायचं लिहायचं म्हणून आठ दिवस ढकलले. आधी पेन नव्हतं, पेन मिळालं तर कागद नव्हता, आणि परवा कागदही मिळाला तर मी सरळ राजापूरच्या एसटीत जाऊन बसलो. काम काहीच नव्हतं. काजूच्या बिया फोडणाऱ्या बायकांशी गप्पा मारल्या आणि आलो परत. त्यांचे हात बघितलेस का कधी? चीक लागून काळे पडतात, सालपटं निघतात. त्यातली एक आमच्यातली होती. म्हणाली, नमाजाच्या आधी हा चीक काढता काढता चामडीच निघते रे बाबा. मी हसलो, आणि मग माझा उजवा हात खिशात घातला.

असो. फोन तू बंद ठेवलायस, म्हणून ही पानं तुझ्या बहिणीच्या हाती चिपळूणला पाठवतोय. वेदिका फोडून वाचणार नाही, निदान मला तसं वाटतं. तुझ्या काकांची लाँच छान दिसते. लाल रंग झक्क वाळलाय. काका मुंबईहून आले की म्हणतील, पोरानं न सांगता काम केलं. तू मला म्हणालास, धक्क्याला घासली, रंग मार. मी दोन वर्षं गॅरेजात ट्रक रंगवलेत, मेल्या. धक्क्याला घासलं की सिमेंटचा पांढरा ओरखडा उठतो. तुझ्या लाँचच्या नाळेवर, पुढच्या टोकाला, होता तो मोरपंखी होता. मी विचारलं नाही. घासून काढला, वर दोन हात दिले, तू दिलेला चहा प्यायलो. त्याच संध्याकाळी धक्क्यावर बातमी आली की अझहरची होडी आदल्या दिवसापासून परत आलेली नाही. मी वळून बघितलं तर तू नव्हतास.

आपण तिघं आरे-वारेला पोहायला जायचो ते आठवतं? मी मदरशातून पळून, तू शाळेतून, आणि अझहर बापाला सांगून. एकदा त्यानंच बापाला विचारलं होतं, समुद्रात बुडी मारली तर गुसल होतो का? गुसल म्हणजे आमची अख्ख्या अंगाची आंघोळ, जिच्याशिवाय काही वेळा नमाजच होत नाही. त्याचे अब्बा, आपले दाऊदचाचा, म्हणाले होते, होतो की. मनात नीयत पाहिजे आणि केसाएवढी जागा कोरडी राहता नये. मग तू पण बुडी मारलीस आणि ओरडलास, माझीपण नीयत आहे. चाचा इतके हसले की त्यांना ठसका लागला. ते हसणं सध्या मला फार ऐकू येतं.

गेल्या शुक्रवारी अम्मी मागे लागली म्हणून मशिदीत गेलो. सहा महिन्यांनी. नळावर वजू करायला बसलो. तुला म्हणून सांगतो, वजूत तोंड, कोपरापर्यंत हात, घोट्यापर्यंत पाय एवढं धुवायचं, डोक्यावरून ओला हात फिरवायचा, आणि धुतलं तिथं चामडीपर्यंत पाणी पोचलंच पाहिजे. मेंदी चालते, कारण ती नुसता रंग. ऑइलपेंटचा थर चालत नाही, कारण खाली पाणी जात नाही. बांग देऊन चाचा माझ्याकडे आले. दहा दिवसांत माणूस निम्मा झालाय. माझा अंगठा धरला नि म्हणाले, इथं पानी पोचला नाय. दिवाबत्तीच्या खोलीतून रॉकेलची बाटली आणली आणि स्वतः चिंधीनं चोळू लागले. माझा हात, एखाद्या लहान पोराचा धरावा तसा. लाल निघालं. त्याच्या खाली, नखाच्या कडेत, मोरपंखी होतं.

तो रंग दुकानात मिळत नाही, स्वरूप. मशिदीच्या खिडक्यांचा उरलेला हिरवा आणि कुणाच्या तरी फाटकाचा निळा, असा चाचांनी स्वतःच्या हातानं घोटून अझहरची होडी रंगवली होती. उरलेला परत खिडक्यांना लावला. आम्ही बसलो होतो तिथं डोक्यावरच खिडकी होती. त्यांनी वर बघितलं, मग माझ्या अंगठ्याकडे, आणि चिंधी थांबली. मला वाटलं आता मारतील. मारलं असतं तर बरं झालं असतं. त्यांनी तेवढा रंग तसाच ठेवला, बाटलीचं बूच लावलं आणि आत जाऊन नमाजाला उभे राहिले. मी तसाच उठून आलो.

तेव्हापासून ते रोज असरच्या, म्हणजे दुपार उतरल्यावरच्या, नमाजानंतर धक्क्यावर जातात आणि लाल लाँचसमोर बसतात. पोलिसांकडे गेलेले नाहीत. कुणाला काही बोललेले नाहीत. खलाशी म्हणतात, म्हातारा पोराची वाट बघतो. मला माहीत आहे ते कुणाची वाट बघतात. मी दुरून तीन दिवस बघितलं, चौथ्या दिवशी शेजारी जाऊन बसलो आणि सगळं सांगितलं. रंगाचं माझं, लाँचचं तुझं. तुझं नाव घेतलं. तू मला शिव्या दे. त्यांनी एकच गोष्ट विचारली. होडीवर आपटली तवा त्यानं हाक मारलान काय रं? मी लाँचवर नव्हतो. याचं उत्तर जगात एकट्या तुझ्याजवळ आहे, आणि तेवढ्यासाठी हे पत्र. हो असेल तर हो सांग, नाही असेल तर नाही सांग, पण तोंडानं येऊन सांग. पोलिसांत मी तुझ्याबरोबर येतो, रंग मीच मारलाय.

इथवर लिहिलं होतं आणि अंगणात पावलं वाजली. आमच्या दारात कधी न आलेले दाऊदचाचा उभे आहेत. एका हातात नवी बादली, दुसऱ्यात रॉकेलची तीच बाटली. अझहर सकाळी आरेच्या वाळूवर सापडला. इस्पितळातून दुपारी ताब्यात देतील. मी म्हणून गेलो, समुद्रानंच धुतलाय त्याला, चाचा. ते म्हणाले, बुडाल्याला पण धुवावा लागतो, ता काम जित्यांचा. गावातली सगळी मय्यतं त्यांनीच धुतली, आज पाणी मी ओतायचं आहे. मय्यताच्या अंगावर जे दिसेल ते धुणाऱ्यानं पोटात ठेवायचं, त्याचा ऐब, म्हणजे उणं, बाहेर बोलायचा नाही, अशी आमची रीत. पण लाँचच्या पंख्याची खूण असेल तर तो अझहरचा ऐब नाही, आपला आहे. बाटली त्यांनी माझ्यासमोर ठेवलीय, आधी माझे हात धुवायला. वेदिका अकराच्या गाडीला निघतेय. पत्र हातात पडल्या पडल्या निघालास तर मातीला पोचशील. चाचा विचारतायत, कुणाला लिवतोस. मी तुझं नाव सांगितलं. ते उंबऱ्यावर बसलेत.

तुझाच,
तौसिफ