पोटमाळ्यावरचे घड

३ नोव्हेंबर
माफ कर वही, द्राक्षांची तोडणी संपून किती दिवस झाले आणि आज तुला उघडतोय. संतापाने अक्षर धड येत नाही!

पोटच्या पोराने, फाउस्तोने, फिरेंझेहून वाइनतज्ज्ञ आणलाय. पांढऱ्या बुटांचा. सगळे त्याला डॉक्टर म्हणतात. तो मला म्हणतो, "आजोबा, आता किआंती वाइन निव्वळ सांजोवेझे द्राक्षांची. कानायोलो नको, पांढरी द्राक्षं नकोत. आणि ते गोवेर्नो म्हणजे म्हाताऱ्यांचे चाळे."

चाळे! निवडक घड माळ्यावर चटयांवर सुकवायचे, चुरडून थंडावलेल्या वाइनमध्ये घालायचे, की ती पुन्हा आंबून, फसफसून मऊ होते. माझा बाप हेच करायचा.

फाउस्तो बुटांकडे बघत उभा. "बघू, बाबा." मुका बैल!

५ नोव्हेंबर
माळ्यावर गेलो. चटयांवरचे घड निम्मे! उंदीर नाहीत, उंदीर देठं ठेवतात. कोंबड्यांना टाकले असणार त्याने. जाब विचारला तर म्हणतो, "गुडघे दुखतात ना, जिना कशाला चढता?" लबाड!

६ नोव्हेंबर
शेजारची आर्जिया कुंपणावरून ओरडली, "नेल्लो, तुझा फाउस्तो सारखा तळघरात का रे? नवी बायको लपवलीय का तिथे?"
"डॉक्टरच्या नळ्या धुतो!"
"मग नळ्यांशीच लग्न लाव त्याचं!"
हसू आलं नाही.

८ नोव्हेंबर
केलं! फाउस्तो ग्रेव्हेच्या बाजाराला गेला होता. उरलेले घड चुरडले आणि घरच्या पिंपात ओतले. डॉक्टरच्या टाक्यांचं तो बघो. हे पिंप माझ्या नातीच्या, लीदाच्या लग्नाचं. ईस्टरला पाहुण्यांना काय शाईचं पाणी पाजू?

बूच सैल होतं — एवढंही नीट बसवता येत नाही ह्याला! पिंप काठोकाठ भरलं, बूच हातोडीने घट्ट ठोकलं. कान लावला, फसफसल्याचा आवाज काही येईना. पण माझे कान कसले! आर्जियाचं ओरडणंसुद्धा मला कुजबुज वाटतं.

सान मार्तिनोच्या सणाला, नवी वाइन चाखायच्या दिवशी, पेला भरून त्याच्यासमोर आदळीन!

११ नोव्हेंबर, सान मार्तिनो
बूच उडालं. तळघरभर लाल चिखल. लीदाच्या लग्नाची वाइन — गेली! चुलीवर चेस्टनट करपले, कुणी बघितलं नाही.

फाउस्तो गुडघ्यांवर बसून फडक्याने टिपत होता. मी दारातून ओरडलो, "तुझ्या डॉक्टरने साधं पिंप राखायला शिकवलं नाही?" बूच मी ठोकलेलं, तरी ओरडलो!

त्याने फडकं पिळलं. वर बघून म्हणाला, "बाबा, तुम्हीही द्राक्षं घातली?"

बस. गाडी काढून तो गेला त्याच्या बहिणीकडे, पोज्जीबोन्सीला. निरोपाचा शब्द नाही. जा! तुम्हीही म्हणजे काय? आणखी कोण घालणार आहे इथे?

१२ नोव्हेंबर
धुवायला पिंप सरकवलं. मागे पोतं. पोत्यात देठं, माझ्याच चटयांवरच्या घडांची, एकेक मणी काढून घेतलेली. कोंबड्यांना टाकताना मणी कोण खुडत बसतं? म्हणून बूच सैल ठेवलं होतं त्याने!

फाउस्तो, पोरा, नीट पोचलास का? आर्जियाकडे फोन कर, ती ओरडून सांगेल मला. तळाशी थोडी उरलीय. मऊ झालीय. लवकर कळव.