चारशे सुप्रभात परत

ती. आक्कांस,

कळंब्याहून आप्पासोचा सादर जय जिनेंद्र. गुडघा आता कसा आहे? तुम्ही माझा नंबर ब्लॉक केल्यामुळे हे कागदावर विचारावे लागते. राग रास्तच आहे, पण माझी बाजू ऐकावी.

पर्युषणात, नेमक्या त्यागाच्या दिवशी, माझ्या फोनची जागा संपली. (तो महिनाभर सांगत होता. मी सूचना वाचतो, पाळत नाही.) फोन अडकू लागला, आणि त्यात तर तुमच्या धाकट्या बहिणीचा, आमच्या अंजनाचा, चाळीस सेकंदांचा आवाज होता. तिला जाऊन वर्ष झाले. फोनबरोबर तोही जाईल म्हणून मी साफसफाईला बसलो.

पण लोकांनी रोज सकाळी प्रेमाने पाठवलेली सुप्रभाताची चित्रे पुसायची कशी? आपल्यात कुणाचा डबा ठेवून घेत नाहीत आणि रिकामाही परत करत नाहीत. म्हणून ज्याचे सुप्रभात त्याला परत पाठवले, प्रत्येकासोबत जास्वंदीचे एक फूल पाठवले आणि मगच माझ्याकडचे पुसले. दुपारपर्यंत गुळवाल्या शंकरप्पांचा फोन बंद पडला. शेजारच्या धोंडुबाई दारात येऊन म्हणाल्या, "आप्पा, बरं हाय न्हवं तुमचं? दोनशे फुलं आल्यात की."

अंजनाची सुप्रभाते अंजनाच्याच नंबरवर गेली. (एकाच घरात राहून ती मला रोज स्वयंपाकघरातून पाठवायची.) तो फोन आठवण म्हणून तुम्ही नेलात आणि वापरता, हे चारशेव्या फुलानंतर तुमचा निरोप आला तेव्हा ध्यानात आले: "आप्पासो, ह्यो फोन हाय का फुलांचा बाजार? रविवारी पोरीकडनं सगळं पुसून घेणार हाय." त्यानंतर तुम्ही मला ब्लॉक केलेत. चूक माझी आहे, क्षमा असावी.

आपला नम्र,
आप्पासो

ता. क. : हाताच्या ओघात तो चाळीस सेकंदांचा आवाजही परत गेला. दोन टिक दिसल्या आणि मी नेमाप्रमाणे माझ्याकडचा पुसला. आता तो फक्त तुमच्याकडे आहे. पाया पडतो, रविवारी काही पुसू नका.

ता. क. २ : त्यात ती म्हणते, "अहो, आक्का यायला लागल्यात, बुंदीचा डबा वरच्या फळीवर दडवून ठेवा की." हे ऐकून वाईट वाटून घेऊ नका. डबा भरून सोबत आणला आहे. चिठ्ठी दाराखालून सरकवून मी तुमच्या पायरीवर बसलो आहे. दार उघडले नाहीत तरी चालेल, तिचा आवाज तेवढा जरा मोठ्याने लावा, म्हणजे इथपर्यंत ऐकू येईल.