अस्सल खव्याची बातमी

चि. इंद्रजीत,

हे पत्र पाठवणार नाही, म्हणून खरं लिहितो.

"आता तुमच्या पेपरची गरज नाय, काका," असं तू म्हणाला होतास. मुकुंदवाडीतल्या सारजाबाईंचा खवा नकली आहे, असा तुझा बिनचेहऱ्याचा व्हिडिओ दोन लाख लोकांनी पाहिला. सारजाबाईंना तू एक शब्द विचारला नाहीस. मी विचारलं, तपासणीचा अहवाल मिळवला. खवा अस्सल निघाला. बातमी छापून आली, पण तोवर लोकांनी त्यांचं दुकान फोडलं होतं.

काल त्या कायमच्या फुलंब्रीला निघाल्या. टेम्पोत कढई चढवताना म्हणाल्या, "दादा, व्हिडिओवाला कोण व्हता, कळलं का?"

तीस वर्षं बातमीदारी केलेला मी म्हणालो, "नाय कळलं."

तुझाच काका,
कडूबा