सौभाग्यवतीस वीस प्रश्न

सोमवार, १ एप्रिल १९४६. सकाळी ५-३०.
रोजनिशी पुन्हा सुरू. पलटणीत सहा वर्षे एक दिवस चुकला नाही. घरी आल्यावर तीन महिने खंड पडला, त्याला कारण घरची माणसे. वही कोणी वाचील ही भीती नाही. घरात आई, मी आणि सौ. अंजना. दोघींनाही अक्षरओळख नाही. म्हणून स्पष्ट लिहितो.

परिस्थिती: इटलीपर्यंत जाऊन आलेला हवालदार-क्लार्क घरी परततो आणि घर त्याच्याशी वैऱ्यासारखे वागते. सौ. माझ्याशी बोलत नाही. आईशी बोलते, म्हशीशी बोलते, मला ऐकू जाईल अशा बेताने भिंतीशी बोलते. मी केले काय? गोठा पूर्वेचा उत्तरेला नेला, कारण तो लाइनीत नव्हता. चूल हलवली. रोज सहाला भांड्यांचे इन्स्पेक्शन ठेवले. एवढेच. म्हशीने पान्हा चोरला हा म्हशीचा दोष.

आज आईने बातमी दिली. अक्षय्यतृतीयेआधी दादासो येणार, म्हणजे सौ.चा भाऊ, आटपाडीचा. तिला माहेरी नेणार. परत कवा येशील, असे आईने विचारल्यावर सौ. म्हणाली, बगू की. आई म्हणते, सहा वर्षांत ती असे कधी बोलली नव्हती. हे सांगताना आईने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिले ती मला पसंत पडली नाही.

निश्चय: दादासो यायच्या आत सौ.चे मन जिंकणे. मुदत तीन आठवडे. इटलीत कॅसिनोचा डोंगर घ्यायला चार महिने लागले, पण तिथे जर्मन होते.

बुधवार, ३ एप्रिल.
उपाय सापडला. ट्रंकेत तळाशी होता. रेस्ट कॅम्पात वेल्फेअरच्या मॅडमनी करमणूक म्हणून छापील इंग्रजी फॉर्म वाटला होता: ‘स्वतःला ओळखा, जोडीदाराला ओळखा’. वीस प्रश्न. आवडता पदार्थ, रंग, फूल, दिवसातली आवडती वेळ, तुम्ही प्राणी असता तर कोणता, वगैरे. नवऱ्याने बायकोची उत्तरे आधी लिहून ठेवायची, मग बायकोला विचारायचे आणि ताडून पाहायचे. बायकोनेही नवऱ्याबद्दल तसेच करायचे. सोळाच्या वर गुण म्हणजे आदर्श जोडपे. दहाच्या खाली म्हणजे ‘पुन्हा ओळख करून घ्यावी’. कॅम्पात बायका नव्हत्या, म्हणून मी आचाऱ्याबरोबर केला होता. अकरा पडले होते.

दिवसभर भाषांतर केले. मोटेवर जायचे राहिले. सौ. गेली. जाताना भिंतीला म्हणाली की, मोट कागदावर चालत आसती तर लय बरं झालं आसतं.

गुरुवार, ४ एप्रिल.
माझी स्वतःची उत्तरे लिहिली. स्वतःला ओळखायला वेळ लागत नाही. प्राणी: वाघ. गुण: शांतपणा. अवगुण: अति चांगुलपणा. सर्वात कशाचा राग येतो: राग येणाऱ्या माणसांचा.

दुपारी आईवर जरासा रागावलो. ताक आंबट होते.

शनिवार, ६ एप्रिल.
सौ.ची उत्तरे लिहून झाली. अवघ्या अर्ध्या तासात! पलटणीत तिची एकेचाळीस कार्डे आली होती. एकही टाकले नाही, सगळी दोऱ्याने बांधून ट्रंकेत आहेत. तिने सांगायचे आणि आमच्या गावच्या पोस्टमन चांदसाहेबांनी लिहायचे, अशी पद्धत. गावातल्या सगळ्याच शिपायांच्या घरची कार्डे तेच लिहीत. त्या कार्डांत सौ.चे मन उघडे आहे. आवडते फूल मोगरा. (‘अंगणातला मोगरा फुलला की आपली आठवण येते.’) पदार्थ खारीक घातलेली शेवयांची खीर. पेय वेलदोड्याचा चहा. वेळ पहाट. प्राणी बकरी. फळ कलिंगड. रंग अस्मानी. दुसरे कोणी असते तर बायकोच्या आवडी शोधत बसले असते. मला पाठ आहेत. खंदकात पाऊस पडत असताना मी ही कार्डे वाचत होतो, हे सौ.ला एकदा कळू दे, मग बघू भिंतीशी कशी बोलते.

अंदाज: वीसपैकी अठरा. नम्रपणे सतरा.

सोमवार, ८ एप्रिल.
आधी आईवर चाचणी घेतली. जोडीदाराच्या जागी मुलगा धरला. विचारले, हंबीर प्राणी असता तर कोणता? आई म्हणाली, पोळ. देवाला सोडलेला वळू. काम न्हाई, धंदा न्हाई, ज्येच्या त्येच्या रानात तोंड. मी अर्धा गुण दिला, कारण पोळ ताकदवान असतो.

पुढचा प्रश्न, हंबीरचा सर्वात मोठा गुण? आईने सुपातली ज्वारी पाखडून संपवली. मग म्हणाली, ल्हानपनी गुमान झोपायचास बग. चाचणी थांबवली. आईला फितवले आहे.

बुधवार, १० एप्रिल. सकाळी ९.
मुख्य परीक्षा. सौ. भाकऱ्या थापत होती. समोर पाट घेऊन बसलो, फॉर्म मांडीवर, पेन्सिल टोक काढून. हसतमुखाने सांगितले की ही गंमत आहे. ती म्हणाली, कुनाची?

उत्तरे जशीच्या तशी नोंदवतो.
आवडते फूल? म्हणाली, फुलाचं नाव काढू नगा, उसाला तुरा आला की वजन घटतंय. (मोगरा नाही. चूक.)
आवडता पदार्थ? म्हणाली, गरम भाकरी. सगळ्यास्नी वाढून हुस्तंवर माझी गार हुती. (उत्तर अपूर्ण. खीर नाही. चूक.)
चहा? आवं, मी च्या पीतच न्हाई. तीन म्हैनं बगताय न्हवं? (चूक. शिवाय उर्मटपणा.)
आवडती वेळ? म्हणाली, तुमी गावात जाता तवा.
रंग? म्हणाली, लुगडं आननार हाय का? न्हाई ना? मग कशाला इचारताय?
प्राणी? म्हैस. पण गोठा हलिवल्याधरनं ती पन रुसलीया.

वीसपैकी शून्य. मी म्हटले, तू मुद्दाम चुकीची उत्तरे देतेस. त्यावर ती हसली. घरी आल्यापासून पहिल्यांदा हसली, पण ते हसू माझ्या बाजूचे नव्हते. मग मी माझ्याबद्दल विचारले की नवऱ्याला मनापासून काय खायला आवडते? म्हणाली, दुसऱ्याचं डोस्कं. आईने पदर तोंडात धरला. मी फॉर्म घडी करून उठलो. भाकरी करपल्याचा ठपका माझ्यावर आला.

गुरुवार, ११ एप्रिल.
विचारान्ती निष्कर्ष: बायको बदलली आहे. कार्डातली अंजना नाजूक मनाची होती. पहाट, मोगरा, अस्मानी रंग. सहा वर्षांत कोणी तिला बिघडवले? आईने? उसाने? माझ्यामागे या घरात डिसिप्लिन राहिली नाही, हे मूळ. भांड्यांचे इन्स्पेक्शन दोनदा करणार.

शुक्रवार, १२ एप्रिल.
दुसरे इन्स्पेक्शन रद्द. सौ.ने भांडी माझ्यासमोर मांडली आणि घासायला राख दिली.

सोमवार, १५ एप्रिल.
फॉर्मातच दोष आहे की सौ.मध्ये, हे पाहण्यासाठी तिसरा इसम निवडला. चांदसाहेब. चावडीच्या ओट्यावर टपालाची पिशवी उशाला घेऊन पडले होते. साठी उलटली, पुढचे दात नाहीत. फॉर्म पाहून उठून बसले. म्हणाले, हवालदार, आजवर मला कुनी इचारलं न्हाई गड्या, मला काय आवडतं. लय झ्याक. इचारा.

फूल? मोगरा. पदार्थ? खारीक घातलेली शेवयांची खीर, अख्तरबीच्या हातची. (अख्तरबी म्हणजे त्यांची बायको.) पेय? वेलदोड्याचा च्या. वेळ? पहाट. प्राणी? बकरी. फळ? कलिंगड. रंग? अस्मानी.

पेन्सिल खाली ठेवून गुण मोजले. एकोणीस गुण. एकच चुकला तो मी खाडाखोड केलेला. म्हणजे माझी आणि चांदसाहेबांची जोडी आदर्श.

न जेवता झोपलो. दुपारी.

मंगळवार, १६ एप्रिल.
एकेचाळीस कार्डे घेऊन चावडीवर गेलो आणि म्हाताऱ्याला जाब विचारला. आवाज चढवला. चार माणसे जमली, जमू दिली. चांदसाहेब मुळीच घाबरले नाहीत. उलट कार्डे हातात घेऊन कौतुकाने वाचू लागले. म्हणाले, हवालदार, बायकामानसं यायची, उभ्याउभ्या सांगायची, बरं हाय म्हनून लिवा. बास. तेवढ्यानं कारड भरतंय व्हय? पयल्या वर्सी तसंच पाठवलं, तर आपल्याच गावच्या एका नाईकाचं उलट टपाल आलं, बायकू रुसली का म्हनून. मग मीच भराय लागलो. माझ्या मनचं घालायचो. माझं काय चुकलं?

विचारले, सगळ्यांच्या कार्डांत? म्हणाले, व्हय की. आपल्या गावच्या अर्ध्या पलटनीच्या बायकांना मोगराच आवडतुया.

जमलेली माणसे हसली. एक नालायक म्हणाला, हवालदार, मग निका लावायचा का? त्याचे नाव लिहीत नाही, पण लक्षात ठेवले आहे.

सहा वर्षे. बर्फात, चिखलात, हॉस्पिटलच्या खाटेवर मी रात्र रात्र ज्या अंजनाची स्वप्ने पाहिली तिला पुढचे दात नाहीत. हे लिहिताना मला रडू आले. वहीत खोटे लिहायचे नाही असा नियम आहे म्हणून लिहिले.

बुधवार, १७ एप्रिल.
रडू आले ते उन्हाने. साताऱ्याच्या पोस्टाच्या वरिष्ठांकडे तक्रार लिहिली, चार पाने, इंग्रजीत. मथळा: पोस्टमनने पत्नीच्या जागी स्वतःच्या आवडी घुसवल्याबाबत. वाचून पाहिली. पाठवण्यासारखी नाही.

शुक्रवार, १९ एप्रिल. दुपारी.
दादासो बैलगाडी घेऊन आला. सकाळी निघायचे ठरले. सौ.ने गाठोडे बांधले. गाठोडे मोठे आहे. आई गाठोड्याकडे पाहते आणि मग माझ्याकडे.

अजून हरलो नाही. नवा बेत: कार्डे बाजूला ठेवून, शुद्ध निरीक्षणावर दहा प्रश्नांचा छोटा फॉर्म. तीन महिने एका घरात राहतो, डोळे आहेत. दादासोसमोर विचारीन. भावासमोर ती नीट बोलेल. मग तिलाही कळेल की या माणसाचे लक्ष आहे. लक्ष आहे हे कळले की बाई परत येते. हा माणसाच्या स्वभावाचा नियम आहे.

शनिवार, २० एप्रिल. सकाळी १०.
गाडी गेली.

पहाटे बैल जुंपल्यावर फॉर्म काढला. दादासोला सांगितले, गंमत आहे, ऐक. सौ. गाडीपाशी उभी होती, पदर पुढे घेऊन. मी पहिला प्रश्न वाचणार तोच ती म्हणाली, तुमीच इचारताय जवा बगावं तवा. आज मी एकच इचारते. भावासमोर पहिल्यांदाच माझ्या तोंडाकडे बघून बोलली. मी खूश झालो. म्हटले, विचार, दहा विचार.

म्हणाली, माझ्या उजव्या हाताला बोटं किती?

मी हसलो. दादासोकडे पाहिले, तो हसला नाही. मी म्हटले, पाच.

तिने पदरातून हात काढला. करंगळी अर्धीच आहे. जखम जुनी, कातडी पांढरी पडलेली. तीन महिने याच हाताने मला वाढले. गाडीत चढायला दादासोने हात दिला. मी फॉर्म हातात घेऊन तसाच उभा. परत कधी येणार हे मी विचारले नाही. तिनेही सांगितले नाही.

आईला विचारले. आई म्हणाली, त्रेचाळीसच्या गुऱ्हाळात, चरकात ऊस घालताना गेलं. गडी मिळत नव्हता म्हणून ती स्वतः बसायची. पंधरा दिवस तापाने फणफणली होती. मी आईवर ओरडलो की मला का कळवले नाही. आई म्हणाली, आमी कळीवनार व्हतो, चांदसायेब कारड घेऊन आलं पन व्हतं. तीच म्हनली, लिवू नगा, तकडं गोळ्या चालत्यात, त्येंचं ध्यान हुकंल.

त्या महिन्याचे कार्ड शोधून काढले. त्यात इकडील सर्व क्षेम असे आहे.

आई मोटेवर गेली. घरात कोणी नाही. गोठ्याच्या मेढी, म्हणजे लाकडी खांब, उपटून पुन्हा पूर्वेला जुन्या जागी नेल्या. दोनच बसल्या, बाकीच्या मला एकट्याला उभ्या करता आल्या नाहीत. म्हैस उन्हात उभी आहे.