मैदान बंद झालंय, बाबा

५ मार्च, मंगळवार

केला एकदाचा फोन! रविवारी सकाळी आठची वेळ मिळाली, दोघांसाठी. गोल्फचं मैदान सार्वजनिक आहे, पैसे भरून कुणीही खेळावं. तरी तिथली बाई विचारत होती, आधी खेळलायत का? म्हटलं, मी नाही. वडील... तेही नाहीत. अठ्ठावीस वर्षं रोज तिथे गेले, पण खेळायला कधीच नाही! कॉलरचा शर्ट हवा, बूट सपाट तळाचे, काठ्या भाड्याने मिळतील. सगळं टिपून घेतलं.

एवढंच राहिलं, की बाबांच्या लेखी ते मैदान वर्षापूर्वीच बंद झालंय. मीच सांगितलं तसं.

६ मार्च

लिहूनच टाकते. बाबा तिथली हिरवळ राखायचे. रोज सकाळी चेंडू ज्यात घालवतात ते झेंड्याचं होल नव्या जागी पाडायचं आणि जुनं बुजवायचं, म्हणजे एकाच जागी पावलं पडून गवत मरत नाही. निवृत्त झाल्यावरही जात राहिले, नव्या माणसाच्या चुका काढायला. मग एकदा पाण्याच्या नळीत पाय अडकून पडले. मनगट मोडलं. मला ऑफिसात फोन आला तेव्हा पाचावर धारण बसली होती माझी. दुसऱ्याच दिवशी प्लास्टर घातलेल्या माणसाला मी सांगितलं, "मैदान बंद झालंय, बाबा. घरं होणार आहेत तिथे." जीभ अडखळलीसुद्धा नाही!

"बरं," म्हणाले. बास. तेव्हापासून खिडकीजवळची खुर्ची. रोज सकाळी गॅलरीतल्या कुंड्या इकडच्या तिकडे करतात, आणि मी बघून न बघितल्यासारखं करते.

७ मार्च

आज सांगणार होते. नाही सांगितलं.

८ मार्च

नवऱ्याला विचारलं, मैदान पुन्हा सुरू झालं असं सांगितलं तर? म्हणाला, म्हणजे एक खोटं झाकायला दुसरं. मग तिसरं कधी? फार राग आला. बरोबर बोलला ना, म्हणून!

९ मार्च, शनिवार

दुसरं खोटं आजच. शर्ट आणला पांढरा, कॉलरचा. कशाला गं, विचारलं बाबांनी. म्हटलं, एका लग्नाला जायचंय उद्या. कुणाच्या, ते विचारलं नाही. घालून पाहिला, आरशासमोर बराच वेळ उभे राहिले. मला तिथे थांबवेना. खाई त्याला खवखवे!

रोज सकाळी सव्वासहाला त्यांचा फोन वाजतो. कुणीतरी जुना सोबती. दार लोटून दोन मिनिटं बोलतात. दिवसभरात बाहेरचं माणूस तेवढंच. बाकीची सगळी मी तोडली, त्यांच्या भल्यासाठी म्हणून. की माझ्या? रजा वाचावी म्हणून?

उद्या मैदानाच्या फाटकाशी गाडी थांबवून सांगणार. खरं काय ते.

१० मार्च, रविवार

सांगितलं. मीच रडले. बाबांनी ऐकून घेतलं, मग म्हणाले, "माहितीये मला. माझ्या जागी आलाय ना, तो रोज सव्वासहाला विचारतो, आज होल कुठे पाडू."

मग वर्षभर घरात का बसलात, विचारलं.

"दवाखान्यात तुझे हात थरथरत होते गं. मी घरी बसलो की थांबले."

मग पहिल्या होलकडे चालायला लागले, माझ्यापुढे. झेंडा अजून दिसतही नव्हता. "डावीकडे मार," म्हणाले. "आपली नावं पाहिली त्याने यादीत. तुझ्यासाठी होल सपाटीवर पाडायला सांगितलंय मी."