पहिल्या दाखल्याचे पेढे

बाबा, परवा प्रयोगशाळेत चहा पिताना एका विद्यार्थिनीनं विचारलं, मॅडम, तुमच्या लेखाचा पहिला दाखला कोणी दिला होता? तिचा पहिला लेख छापून आलाय आणि जगात कुणीच त्याचं नाव घेत नाही म्हणून ती खट्टू झाली होती. मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि मला हसूच आवरेना. चहा ओढणीवर सांडला. पोरीला वाटलं, मी तिलाच हसतेय. मग सगळं सांगणं भाग पडलं. सांगताना जाणवलं, की ही गोष्ट तुम्ही स्टँडवर, विहारात, लग्नाच्या पंगतीत शंभरदा सांगितलीत, दर वेळी थोडी वाढवून. माझ्या बाजूनं ती तुम्ही कधी ऐकलीच नाहीत. म्हणून लिहायला बसलेय.

तुम्ही तेव्हा यवतमाळ-घाटंजी गाडीवर कंडक्टर होता आणि मी नागपूरला बोंडअळीच्या जनुकांवर काम करत होते. कापसाची फार वाईट वर्षं होती ती. बोंड वरून हिरवंगार दिसायचं आणि फोडलं की आत गुलाबी अळी सरकी खात बसलेली असायची. त्या अळीला मारणारं विष बियाण्यातच होतं, तरी ती मरत नव्हती. का मरत नव्हती, एवढाच माझा प्रश्न. त्यासाठी मला जिवंत अळ्या हव्या होत्या आणि त्या तुम्ही मिळवून द्यायचात. गाडी थांबली की बांधावरची माणसं तुमच्याकडे किडक्या बोंडांची पिशवी द्यायची. सुटीत आले की मीच अळ्या बरणीत घालून घेऊन जायची. एकदा गाडी खड्ड्यात आदळली, बरणीचं झाकण उडालं आणि अळ्या पुढच्या बाकाखाली पसरल्या. मी खाली वाकून एकेक वेचते आहे, आणि एक म्हातारी पाय वर घेऊन तुम्हाला विचारते आहे, "आमी माराले पाहून राह्यलो, अन् तुई पोरगी पोसून राह्यली काय बाप्पा?" तुम्ही शांतपणे तिकीट फाडता आणि म्हणता, "मावशी, ते त्यायले इचारून राह्यली, काहून मरत नाही म्हनून." गाडीत हसू पिकलं. नंतर मात्र निम्मी गाडी माझ्याबरोबर खाली वाकून अळ्या शोधत होती.

उत्तर सापडलं. अळीच्या आतड्यात एक प्रथिन असतं, विष त्यालाच चिकटतं. आपल्याकडच्या न मरणाऱ्या अळ्यांमध्ये त्या प्रथिनाचं जनुकच एका जागी तुटलेलं होतं. विषाला धरायला जागाच उरली नव्हती. मी लेख लिहिला, तो छापून आला, आणि पुढे काहीच झालं नाही. तुम्हाला मी समजावलं होतं, की दुसऱ्या संशोधकानं त्याच्या लेखात आपलं काम नमूद केलं तर तो दाखला, आणि त्यावरून आमची किंमत ठरते. तेव्हापासून दर फोनला तुम्ही आधी जेवलीस का विचारायचात आणि मग, कोणी नाव घेतलं का. मी नाही म्हणायची. तुम्ही म्हणायचात, घेईन कोणी, लोकायले येळ लागते वाचाले.

एका सकाळी दाखला दिसला. मी लेख उघडायच्याही आधी डेपोत फोन लावला. तुम्ही गाडी सुटायच्या आत सगळ्या प्रवाशांना सांगितलंत, की आपल्या गाडीतल्या अळ्यांचं नाव मोठ्या पुस्तकात आलं. संध्याकाळी विहारात पेढे वाटलेत. आईनं शेजारच्या आळीतही पाठवले. इकडे मी दुपारी तो लेख वाचायला घेतला. तो लिहिणारा दुसऱ्या राज्यातला संशोधक माझं नाव घेऊन म्हणत होता, की हा निष्कर्ष चुकीचा दिसतो. त्यांच्याकडच्या न मरणाऱ्या अळ्यांमध्ये ते जनुक मी सांगितलेल्या जागी अखंड होतं.

शनिवारी घरी आले तेव्हा आई चुलीपुढे भाकरी थापत होती आणि तुम्ही उरलेले पेढे डब्यात भरत होता. मी म्हटलं, बाबा, कुणाला अजून सांगू नका, त्यानं मला खोटं ठरवलंय. माझी पुढची नेमणूक या लेखावर अवलंबून होती, आणि मला रडू येत होतं. तुम्ही डबा खाली ठेवलात.

"तू जे पाह्यलं ते लिव्हलं ना?"

"हो."

"मंग त्यानंबी जे पाह्यलं ते लिव्हलं असंन. त्याले बलाव इथं."

मी म्हटलं, असं कुणी येत नसतं. तर तुम्ही म्हणालात, "गाडीत भांडन झालं का मी पह्यले बसाले जागा देतो. बसला का मानूस खालच्या आवाजात बोलते." आणि वर म्हणालात, की त्यानं वाचलं म्हणून तर भांडतो आहे, पेढे काही वाया गेले नाहीत.

मी त्याला लिहिलं. तो खरंच आला. उंच, अबोल, पायात पांढरे बूट. आपल्या काळ्या मातीत त्यांचं काय झालं ते तुम्ही पुढे रंगवून सांगायचात. तुम्ही त्याला गाडीत तुमच्या शेजारच्या सीटवर बसवलंत आणि एवढंच म्हणालात, "साहब, पहले बैठो, बाद में मेरी लडकी से झगडा करो." तो हसला आणि घाटंजी येईपर्यंत तुमच्याशीच बोलत राहिला. दिवसभर आम्ही बांधावर बसून बोंडं फोडली. त्यानं आपल्या अळ्यांचे नमुने आणले होते, मी माझे दिले. मग आपापल्या प्रयोगशाळेत दोघांनीही केवळ ती एक जागा न बघता अख्खं जनुक तपासलं. त्याच्या अळ्यांतही ते तुटलेलं निघालं, फक्त दुसऱ्या ठिकाणी. मी एकाच ठिकाणी बघितलं होतं, त्यानं माझ्याच ठिकाणी शोधलं होतं. अळी मात्र गावोगाव आपापली वाट काढत होती. हे सांगायला त्याचा फोन आला तेव्हा आम्ही दोघंही एकदम बोलत होतो आणि कुणाचंच कुणाला ऐकू येत नव्हतं.

तो लेख आम्ही मिळून लिहिला. तो स्वीकारला गेल्याचं तुम्ही ऐकलंत, छापून आलेला मात्र पाहिला नाहीत. आता बोंडअळीवर कुणीही लिहायला बसलं की आमचा तो लेख आधी येतो. कुठल्या कुठल्या देशांतली माणसं नाव घेतात, त्यांचे उच्चार मला जमत नाहीत. गेल्या महिन्यात दारव्ह्याच्या एका मुलीनं घेतलं, तिच्या पहिल्याच लेखात. मी तिला फोन केला, तर ती घाबरून उभी राहिली असावी, असा तिचा आवाज होता. त्या एका दाखल्यानं मला बाकी सगळ्यांपेक्षा जास्त आनंद झाला.

हे पत्र टाकायला कुठली पेटी नाही, ते माझ्या टेबलावरच राहील. एक गोष्ट मात्र कबूल करते, कारण विद्यार्थ्यांसमोर करता येत नाही. त्यांना मी सांगते, की दाखल्यांचे आकडे बघू नका, काम करा. आणि रोज सकाळी, दात घासायच्याही आधी, मी स्वतः आकडा वाढला का ते बघते.